सासऱ्यांच्या मागची रांग

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, आणि तिखटमीठ लावून सांगायची मला सवय नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. संध्याकाळचे दिवे नुकतेच लागलेले. जुन्या सभागृहात माझ्या सासऱ्यांना पदक मिळणार होतं. ते ज्या युद्धात लढले, ते युद्ध झालं हेच सरकार इतकी वर्षं मानत नव्हतं. शाळेच्या पुस्तकातसुद्धा त्याचं नाव नाही. आत्ता कुठे कुणाला तरी जाग आली होती.

खुर्च्या माझ्याच. भाड्याने देण्याचा धंदा आहे माझा.

आले किती? मोजके म्हातारे सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं. आयोजक माझ्या कानाशी लागला, "फोटोत फार भकास दिसतंय हो. तुमच्या सासऱ्यांच्या मागची रांग उचला."

आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. भाषण चालू असताना मागून हळूच रिकाम्या खुर्च्या काढायच्या.

मी पहिल्या खुर्चीला हात घातला...

उचलेना.

प्लॅस्टिकची खुर्ची. एरवी एका बोटाने उचलता येते.

बैठकीवर हात टेकवला... गरम.

सासरे मागे न बघताच म्हणाले, "जावईबापू, हात काढा. माणसं बसलीत."

"बाबा, कोणी नाहीये इथे."

"तुम्हाला नाही दिसायचे. आम्ही ज्यांना खिंडीत टाकून परत आलो ना, ते आहेत."

माझं डोकंच सटकलं. चारचौघांत हा काय तमाशा? दातओठ खात जोर लावला आणि खुर्ची हिसकावली.

धप्प...

काहीतरी जड खाली पडलं.

मग ती अख्खी रांग एकदम मागे सरकली. खर्रर्र... बसलेली माणसं चिडून उठावीत तशी.

भाषण थांबलं. कुणीतरी घाईघाईने सासऱ्यांचं नाव पुकारलं. या पदकासाठी म्हाताऱ्याने उभा जन्म वाट पाहिली होती. ते उठायला लागले...

अर्ध्यावरच थांबले.

त्यांच्या कोटाचा खांदा दबला होता. कापडात बोटं रुतल्यासारखे खळगे मी पाहिले. बोटं मात्र नव्हती.

ते कसेबसे वळले. माझ्याकडे बघितलं.

"जागा तुम्ही रिकामी केलीत. आता कुणीतरी बसायला हवं."

माझ्या हातातली खुर्ची घेऊन त्यांनी मागच्या रांगेत लावली. तिच्यावर बसले. मान खाली गेली ती गेलीच.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आयोजक रडवेला होऊन पदक घेऊन आला. निदान छातीवर तरी लावू, म्हणाला. मी ते घ्यायला हात पुढे केला, तर त्यांच्या पलटणीतल्या एका म्हाताऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"मागच्या रांगेतल्यांदेखत नको. पदक त्यांचंही आहे. आधीच खवळलेत."

पदक अजून तिथेच, सभागृहाच्या कपाटात आहे. मी त्या रस्त्याने जायचंही टाळतो. पण बायको ऐकेल तर शपथ. माझ्या बापाचं आहे, हक्काचं आहे, म्हणते. उद्या सकाळी ती ते आणायला जाणार आहे.

ते घरी आलं की त्याच्या मागोमाग कोण कोण येईल... हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?