बत्ताशाचा पाहुणचार

मांजरसुंब्याच्या फाट्यावर केजची गाडी लागली, तेव्हा उज्ज्वलाच्या हातात लोखंडी जाळीचा भलामोठा पिंजरा होता. चढताना तो दारातच अडकला. मागची माणसं ओरडायला लागली. तेवढ्यात कुणीतरी पिंजरा अलगद तिरपा केला आणि आत सरकवला. आभार मानायला ती वळली, तर समोर एक उंच, सावळा तरुण... आणि त्याच्या काखेत चक्क एक कोकरू!

जागा नेमकी दोघांनाच शेजारी-शेजारी मिळाली.

“पोपट पाळणार का?” त्यानं पिंजऱ्याकडे बघत विचारलं.

“न्हाई. ससा.”

“रानातला? तो धरणं गुन्हा हाय बरं का.”

“माहीत हाय मला! पांढरा हाय, पाळीव. बीडच्या मैत्रिणीचा. ती नोकरीला पुण्याला चालली. रविवारी यायचाय तो.”

घरी वऱ्हाड उतरणार असल्यासारखं तिनं ते सांगितलं. तो हसला. मग बोटानं पिंजऱ्याचा तळ दाबून बघितला आणि त्याचं हसू गेलं.

“ह्या जाळीवर उभा करणार त्याला? पाय सोलून निघतेल की. ह्या कोकराचं तसंच झालं. टेम्पोत जाळीवर उभं होतं, खुराला जखम झाली. आता दवाखान्यातून आणलंय. तुमी आत फळी टाका, वर गोणपाट, त्याच्यावर वाळलेलं गवत.”

“तुमाला सशातलं लई कळतंय!”

त्यानं नजर कोकराकडे वळवली. कोकराचे कान कुरवाळत म्हणाला, “हां... म्हंजी... थोडंफार.”

बोलता बोलता कळलं, की तो रामेश्वर, तात्याबांचा मुलगा. मेंढरं घेऊन फिरणारं घर. पोरगा कॉलेज करून आला, तरी कळप सोडला नव्हता. आणि तात्याबांची मेंढरं दर उन्हाळ्यात खतासाठी नांदूरघाटच्या ज्या रानात बसवली जात, ते रान उज्ज्वलाच्याच वडलांचं, अर्जुनरावांचं!

“मग तुमी मला कधी दिसला न्हाईत ते?” तिनं विचारलं.

“तुमी कधी मेंढरांकडं बघितलं का?”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. काचेत त्याचं प्रतिबिंब होतं, ते मात्र तिला नीट दिसत होतं. उतरताना त्यानं तिचा नंबर घेतला. “गवताचं सांगतो,” म्हणाला.

उज्ज्वला केजला एका दुकानात फ्लेक्स बनवायची. दिवसभर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोतल्या मिशा काळ्याभोर करायच्या, नवरा-नवरीच्या नावाभोवती फुलं लावायची. त्या आठवड्यात मात्र तिचं अर्धं लक्ष मोबाईलवर असायचं.

‘पाण्याला मातीचं जड भांडं ठेवा. हलकं असलं की उलथं करतो.’

‘गाजर थोडंच. गवत मात्र चोवीस तास समोर पाहिजे. दात वाढतच ऱ्हातेत त्याचे.’

‘चार्जरची वायर लपवा!’

‘दुपारी बाटलीत बर्फ करून, कपड्यात गुंडाळून जवळ ठेवा. ऊन सोसत न्हाई त्याला.’

‘आणि लपायला एक खोकं. नवीन घरी भीती वाटती.’

तिनं फळी बसवली, गोणपाट अंथरलं, खोक्याला दार कापलं. आई, सुंदरबाई, कपाळाला हात लावून बघत राहिल्या. “पुढच्या गुरुवारी पाव्हणे बघायला येणार हायेत तुला. आन् तू सशाचं घर बांधतीयस!”

पाव्हण्यांचं नाव निघालं की उज्ज्वला उठून पिंजरा पुसायला लागायची. मुलगा चांगला होता म्हणे. म्हणे!

रविवारी बत्ताशा आला. पांढराशुभ्र, गुलाबी कानांचा, नाक सारखं थरथरतंय! अर्ध्या तासात रामेश्वर दारात हजर, डोक्यावर वाळलेल्या मारवेल गवताचा भारा.

“कानाला धरून उचलू नका,” तो म्हणाला. “एक हात छातीखाली, एक मागच्या पायाखाली. हां... असं.”

असं दाखवताना त्याचे हात तिच्या हातांखाली आले. सशाचं काळीज धडधडत होतं. आणखी कुणाचं धडधडत होतं, ते मात्र दोघांनीही विचारलं नाही.

“तुमी रोज येणार का गवत घेऊन?”

“रोज न्हाई.” तो थांबला. “सकाळ-संध्याकाळ येईन.”

मंगळवारी सकाळी बत्ताशा खोक्यात अंग आखडून बसला होता. समोरचं गवत तसंच. रात्रभरात एकही लेंडी नाही. उज्ज्वलानं पालक पुढे केला, तर त्यानं तोंड फिरवलं. ती आईकडे वळली.

“काय खाल्लं यानं?”

सुंदरबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. “तोंड लई बारीक दिसत होतं गं लेकराचं... म्हणून मी अर्धी भाकर घातली. वर गुळाचा खडा.”

उज्ज्वलानं फोन लावला. रामेश्वर दहा मिनिटांत आला, खोक्यात डोकावला आणि त्याचा चेहराच उतरला.

“काय करायचं? सांगा ना!”

“उज्ज्वला... मला काहीच कळत न्हाई.” त्यानं मान खाली घातली. “रविवारपतूर मी ससा हातात सुदिक घेतला नव्हता. गाडीतून उतरलो, आन् तवापासून मोबाईलवर सशाचंच वाचतोय. तुमाला काहीतरी कळवायला मिळावं म्हणून. मी खोटं बोललो. पण एक वाचलंय, ससा खायचा थांबला तर वाट बघायची नसते. केजला डॉक्टर हायेत. चला, आत्ताच.”

तिला त्याच्यावर चिडायचं होतं. वेळ नव्हता. तिनं आईकडे बघितलं. सुंदरबाईंनीच बत्ताशाला टोपलीत ठेवून वर ओला पंचा टाकला. “जा गं पोरी, जा लवकर!”

मोटारसायकलवर ती मागे बसली, टोपली दोघांच्या मध्ये. रस्त्यावर उन्हाच्या झळा नाचत होत्या. प्रत्येक खड्ड्याआधी तो गाडी हळू करायचा, मागे न बघता विचारायचा, “हाय ना?”

“हाय,” ती म्हणायची. दर वेळी तिचा आवाज जरा जास्तच ओला व्हायचा.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, इंजेक्शन दिलं. भिजवून वाटलेलं गवत पिचकारीनं थोडं थोडं भरवायला सांगितलं आणि पोट हलक्या हातानं चोळायला. “संध्याकाळपर्यंत लेंड्या पडल्या तर जिंकलो,” म्हणाले.

दुपारभर ओसरीवर दोघं समोरासमोर बसून होते. ती भरवायची, तो चोळायचा, मग अदलाबदल. ऊन कलायला लागलं तेव्हा बत्ताशा उठला, अंग ताणलं, दोन पावलं चालला... आणि गोणपाटावर टपटप दाणे पडले.

“लेंड्या!” उज्ज्वला किंचाळली.

“पाच!” रामेश्वर ओरडला. “न्हाई, सात! सात हायेत!”

त्यानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. त्यानं सोडायला घेतले. तिनं सोडू दिले नाहीत.

“रागावला न्हाईत ना? खोटं बोललो म्हणून?”

“लई रागावलीय.” ती हसत होती आणि डोळे भरून आले होते. “एवढं सगळं वाचलंस माझ्यासाठी... सरळ बोलला असतास तर काय बिघडलं असतं रे?”

“आता बोलू?”

“बोल.”

“आवडतीस तू मला. लई.” त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. “आन् मी मेंढरामागं फिरणारा माणूस हाय, तेबी बघ.”

“बघितलंय,” ती म्हणाली. “फाट्यावरच बघितलंय.”

बुधवारी सकाळी अर्जुनराव ओसरीवर चहा पीत होते. एके काळचे सरपंच. त्यांच्यापुढे उभं राहताना भलेभले चाचरायचे. उज्ज्वला समोर गेली.

“अण्णा, उद्याच्या पाव्हण्यांना येऊ नका म्हणून सांगा.”

“कावून?”

तिनं कारण सांगितलं. नावासकट. बशी हातातच राहिली त्यांच्या.

“तात्याबाचा पोरगा? माणसं काय म्हणतेल, इचार केलास?”

“केलाय. रात्रभर केलाय. तरी बी तोच, अण्णा.”

अर्जुनरावांनी त्या दिवशी पाव्हण्यांना फोन करून नकार कळवला आणि नंतर कुणाशीच बोलले नाहीत. गुरुवारीही नाही. सुंदरबाई तेवढ्या आत-बाहेर करताना मुद्दाम नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, “मुक्या जितराबासाठी भर उन्हात पळाला. माणूस हाय तो पोरगा.”

शुक्रवारी सकाळी अर्जुनरावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात घातला, टोपी ठीक केली आणि गाडीची किल्ली हातात घेतली.

“तात्याबाचा तळ आता कुठल्या रानात हाय?”

“खालच्या... वढ्याकडच्या,” ती कशीबशी म्हणाली. “कावून, अण्णा?”

“पोरीच्या बापानंच जायचं असतंय ना आधी?” ते पाठमोरेच म्हणाले आणि भराभरा पायऱ्या उतरले.

गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत तिनं फोन लावला. पलीकडे मेंढरांचा गलका.

“रामेश्वर! अण्णा निघालेत तुमच्याकडं!”

“रानात काही नुकसान झालं का?”

“अरे वेड्या, इस्त्रीचा सदरा घालून निघालेत! तुझ्या आई-बापाला भेटायला!”

पलीकडे नुसतं बें-बें. मग त्याचा धाप लागल्यासारखा आवाज आला. “उज्ज्वला... आता मी आधी आईला सांगू, का शर्ट बदलू?”

“शर्ट!” ती ओरडली, आणि हसता हसता खाली पायरीवरच बसली. “पळ! शर्ट बदल आधी!”