केझाया सापडेपर्यंत

लिओराला तो वसंत आठवतो तो वाऱ्यासकट. नेब्रास्कात तेव्हा रस्ते मातीचे होते आणि कबरस्तानाचं फाटक तारेने बांधलेलं असे. ती गाठ सोडून ती आत आली, तर एक उंच तरुण हँगरच्या दोन तारा वाकवून, हातात समोर धरून, गवतातून सावकाश चालला होता.

“पाणी शोधताय?” तिने विचारलं.

“नाही. केझायाला.”

लिओरा जागीच थांबली. तीही केझायाचीच कबर शोधायला आली होती… आपल्या आजीच्या आजीची. ओहायोहून बैलगाडीने आलेली, मातीच्या घरात राहिलेली, या ओसाड माळावर पहिलं पीक घेणारी बाई. तिच्या कबरीवरचा लाकडी क्रूस कधीतरी वणव्यात जळून गेला आणि जागा कुणालाच आठवेना. आता आजीने दगड घडवून घेतला होता. मेअखेरीस, सगळे कबरींवर फुलं वाहतात त्या दिवशी, तो उभा राहिलेला तिला पाहायचा होता.

तरुणाचं नाव लुमिर कुबिक. शेजारचं शेत त्याचं, आणि केझाया त्याच्याही घरातली.

“म्हणजे आपण भाऊबहीण की काय?” तो जरा धास्तावून म्हणाला.

लिओराने काडी घेऊन धुळीत नातं मांडलं. केझायाचा पहिला नवरा हॅस्केट; ते लिओराचं घराणं. तो गेल्यावर तिने कुबिक नावाच्या विधुराशी लग्न केलं आणि त्याची आईवेगळी मुलं वाढवली. लुमिर त्या मुलांच्या वंशातला.

“रक्ताचं नातं नाही,” तिने निर्वाळा दिला.

“बरं झालं,” तो तारांकडे पाहत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

मग दर शनिवारी ती लिंकन शहरातून येऊ लागली. विद्यापीठात ती मातीचा अभ्यास करत असे. पोकळ नळी जमिनीत दाबून खालची माती वर काढायची आणि ती कधी उकरली गेली होती का ते पाहायचं, ही तिची रीत. कबरीवर आल्या की तारा आपोआप एकमेकींवर येतात, ही त्याच्या गावाची श्रद्धा. ती त्याच्या तारांना हसे, तो तिच्या नळीला. दमले की त्याच्या आईने केलेले कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, खात दोघं केझायाच्या गोष्टी सांगत. लिओराच्या घरची केझाया कठोर, कधी न हसणारी. लुमिरच्या घरची गाईंची धार काढताना शीळ घालायची. दोघांच्या गोष्टी जुळल्या की बाई जणू समोर येऊन बसे.

एकदा तो गाडीतून कॉफी आणायला गेला असताना तिने कुबिकच्या पहिल्या बायकोच्या दगडाशेजारी नळी दाबली. काळी माती आणि पिवळी चिकणमाती कालवल्यासारखी वर आली. आणखी चार ठिकाणी तेच: कबरीएवढी उकरून बुजवलेली जागा, वर दगड मात्र नाही. शंकाच उरली नाही.

तिने टाचेने भोकं बुजवली आणि कॉफी घेतली. बोलली नाही. सापडल्यावर शनिवारी यायचं कशाला?

त्यानंतर ती जिथे काही नाही हे ठाऊक होतं तिथेच खणत राहिली. आजी फोनवर विचारी. ती म्हणे, अजून नाही. मेचा शेवटचा आठवडा आला तसं आजीने विचारणं थांबवलं. माझ्या हयातीत काही ती सापडत नाही, एवढंच म्हणाली.

त्या शनिवारी पाऊस लागला. दोघं गाडीत बसली होती. काचेवरून पाणी ओघळत होतं.

“लुमिर… ती मला सापडलीय. केव्हाच.”

त्याने मान वळवली नाही. “आमच्या पहिल्या आजीच्या दगडाशेजारी?”

“तुला कसं—”

“नातं नाही म्हणालीस ना, त्याच दिवशी तारा तिथे जुळल्या.”

“आणि तरी सगळं कबरस्तान तुडवत बसलास?”

“तू काय करत होतीस?”

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिकडे आजी वाट पाहतेय, मला आत्ता फोन करायचाय, ती म्हणाली. त्याने लगेच गाडी सुरू केली. घरी त्याच्या आईने काही न विचारता फोनकडे बोट दाखवलं. संपलं एकदाचं कोलाचे करणं, असं मात्र पुटपुटली.

फोनवर सगळं ऐकून आजी म्हणाली, “त्या मुलांच्या आईजवळ निजली म्हणजे. शोभतं तिला.” आणि लगोलग, “तुझ्या शेजारी कोण उभं आहे गं, इतका श्वास रोखून?”

लिओराने फोन ठेवला. लुमिर ओली टोपी हातात फिरवत होता.

“आता पुढच्या शनिवारी शोधायला काही उरलं नाही,” तो म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “तरी मी येणार आहे.”