करडई, चिल्लर आणि शांभवीचा काका

शांभवीचा काका पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा तो ओसरीच्या कठड्यावर चढून उभा होता. एका हातात शांभवीचं दप्तर, दुसऱ्या हातात तिची पाण्याची बाटली, आणि पायातली एक चप्पल खाली पडलेली. आमचा कुत्रा, चिल्लर, ती चप्पल मन लावून हुंगत होता. चार वर्षांची शांभवी खाली उभी राहून काकाची समजूत घालत होती.

"काका, उतर की. त्यो फक्त वास घ्यायलाय."

"घेऊ दे. मी हितं बरा हाय."

मी दार उघडलं. त्यानं वरूनच माझ्याकडे पाहिलं, आणि अशा अवस्थेतही आधी मान झुकवून नमस्कार केला. मला हसू आवरेना… पण आवरलं.

"अक्का, जरा ह्याला बांधता का?"

अक्का. त्याला चांगली दाट मिशी होती आणि वयानं तो माझ्यापेक्षा मोठाच दिसत होता.

"तुम्ही कामून अक्का म्हणायलाव?" मी म्हणाले. "लेकरं म्हणतेत ते ठीक हाय."

"मग काय म्हणू?"

"आधी खाली उतरा. मग बघू."

चिल्लरला मी नुसतं 'मागं' म्हटलं आणि तो चप्पल सोडून परसाकडे निघून गेला. काका उतरला. त्याचं नाव महेशकुमार. औरादच्या रयत संपर्क केंद्रात शेतकऱ्यांना बियाणं आणि सल्ला देण्याचं त्याचं काम. शांभवीचे वडील आतापर्यंत तिला सोडायला यायचे. त्यांची बदली बिदरला झाल्यामुळे ते उजाडताच निघत. तिची आई, उमादेवी, हायस्कुलात शिक्षिका. म्हणून आता रोज काकाची पाळी.

मी औरादमधल्या नोकरदार बायांची मुलं दिवसभर घरी सांभाळते. उदगीरला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, परत आले, आणि नोकरी शोधता शोधता शेजारचं एक बाळ सांभाळायला घेतलं. तेच काम होऊन बसलं, आणि मला आवडलं. चिल्लर तेव्हा होताच. करडई नंतर आली. तांबूस रंगाची, लांब पायांची, धनगरांच्या तळामागे लंगडत राहिलेली कुत्री.

मुलं आणि कुत्री एका घरात ठेवायची तर घर नीट आखावं लागतं. मी ते आखलं होतं. मुलं जेवताना कुत्री परसात, अर्ध्या दाराच्या पलीकडे. जिन्याखालचं पोतं कुत्र्यांचं. तिथे मुलांनी जायचं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला मी खडूची जाड पांढरी रेघ ओढली होती. कुत्र्यांनी ती ओलांडायची नाही, आणि ती ओलांडत नसत. मुलांना शिकवायला मात्र जास्त दिवस लागले. कुत्रं खात असेल, झोपलं असेल, तर हात लावायचा नाही. धावत अंगावर आलं तर पळायचं नाही. झाड व्हायचं.

"झाड?" महेशनं विचारलं. पहिल्या दिवसानंतर तो फाटकाबाहेरूनच बोलत असे.

"हात जवळ घ्यायचे, नजर वर, अन् हलायचं न्हाई. पळणाऱ्याच्या मागं लागणं ही कुत्र्याची सवय हाय. उभ्या झाडात त्याला काय गोडी?"

दुसऱ्या दिवशी तो फाटक उघडून आत आला आणि वाटेतच झाड झाला. डोळे आभाळाकडे, हात छातीशी, मिशी थरथरत होती. चिल्लर त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि कंटाळून गेला.

"गेला का?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"झाडं बोलत न्हाईत."

"गेला का ते झाडाला कोण सांगणार मग?"

"गेला," मी म्हणाले. आणि मग दोघंही हसलो.

त्यानंतर तो रोज थोडं थोडं आत आला. पायरीपर्यंत. मग ओसरीपर्यंत. लहानपणी चिंताकीला त्यांच्याच रानात एका कुत्र्यानं त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता, हे त्यानं मला पायजमा वर न करता, फक्त बोटानं दाखवून सांगितलं. दिवसभर तो शेतकऱ्यांना अळीला घाबरू नका म्हणून सांगतो, आणि अळीला काही दात नसतात, असंही म्हणाला. मी त्याला अळीच्या जबड्यांबद्दल सविस्तर सांगितलं. तो ऐकत राहिला. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं.

मला काय म्हणायचं हे मात्र त्याचं ठरेना. कित्येक दिवस तो मला कशानंच हाक न मारता बोलत होता. एकदा बोलण्याच्या ओघात "विजयश्री, आज शांभवीला खोकला हाय" असं म्हणून गेला, आणि आम्ही दोघंही एकदम शांभवीकडे पाहू लागलो. तिला खोकला होताच.

एका सकाळी करडई उठली, सावकाश त्याच्याजवळ गेली आणि तिनं आपली हनुवटी त्याच्या बुटावर ठेवली. तो श्वास घ्यायचा थांबला. कोवळं ऊन त्याच्या मानेवर पडलं होतं. कानाखाली नाडी उडताना मला स्पष्ट दिसत होती. हळूहळू तिचा वेग उतरला… आणि माझा का वाढला, हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

मग तो कधीकधी थांबू लागला. शांभवी आत गेली तरी फाटकाशी घुटमळायचा. "एक सांगायचं होतं," म्हणायचा. मी थांबायचे. "करडईची नखं कोण कापतं?" असं काहीतरी विचारून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ते सांगायचं होतं…" आणि पुन्हा काहीतरी जंताच्या औषधाबद्दल. मी मनाशी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याला काय सांगायचं असेल याचा माझा अंदाज होता.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आली. त्या अमावास्येला आमच्याकडे गावं रिकामी होतात. ज्याला रान आहे तो रानात, ज्याला नाही तो बोलावलं त्या रानात. आम्हाला रान नाही. येळवशीचं बोलावणं कुणी मोडत नाही, पण करडई आल्यापासून मी घरीच थांबत होते, आणि आई, सावित्रीबाई, शेजाऱ्यांबरोबर जात होती.

"चिंताकीला या," महेश म्हणाला. "कुत्र्यांना घेऊन. शांभवी ऐकत न्हाई."

"शांभवी म्हणायलीय?"

त्यानं नजर चिल्लरकडे वळवली. "व्हय… शांभवी."

आम्ही टमटममधून गेलो. आई, मी, आणि मध्ये दोन कुत्री. रानात कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप उभी होती, आत पूजा मांडली होती. हवेत गारवा, हरभऱ्याचा आंबट वास, आणि चुलीवर मोठ्या पातेल्यात भाज्या-डाळींची भज्जी रटरटत होती. महेशची आई, भागम्मा, बाजरीचे उंडे वळत बसली होती. उमादेवीनं हसून स्वागत केलं. पण तिची नजर आमच्या हातातल्या दोऱ्यांवरच होती.

मी ठरवलंच होतं की आज तिला सगळं दाखवायचं. रानाभोवती आंबील शिंपडायला माणसं निघाली. जोंधळ्याच्या पिठाची, ताकातली ती पांढरी आंबील काळ्या मातीवर पडत गेली. मी दोऱ्या सोडल्या आणि उमादेवीला मोठ्या खात्रीनं म्हणाले, की माझी कुत्री पांढरी रेघ ओलांडत नाहीत; ती आता रेघेबाहेर बसतील आणि कुणाच्या ताटाजवळ येणार नाहीत.

त्यांनी ओलांडली नाही. करडईनं ती चाटायला घेतली.

खडूला चव नसते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. करडई लंगडत, अतिशय निगुतीनं, रेघ पुसत बांधाच्या कडेनं चालली होती, आणि मागून चिल्लर, तिच्याकडून राहिलेलं टिपत. काळ्या आईला दिलेली आंबील. माझे कान तापले. मी हाक मारणार, तेवढ्यात पाहुण्यांची दोन पोरं हसत करडईचं शेपूट धरायला धावली.

शांभवी त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"ती खायलीय. खाताना न्हाई जायचं," ती म्हणाली, अगदी माझ्याच आवाजात. "संपू द्या. मग समोरून जायचं. आधी हात हुंगू द्यायचा."

पोरं थांबली. तिघंही बांधावर रांगेत बसून करडईचं जेवण संपायची वाट पाहू लागली. भागम्मा इकडे पोट धरून हसत होती.

"चाटू दे गं," ती मला म्हणाली. "रानात टाकलेलं मुंग्या खातेत, पाखरं खातेत. ह्यांनी खाल्लं तर काय बिघडलं?"

उमादेवी हसली नाही. ती आपल्या मुलीकडे पाहत होती. मग माझ्या पानात भज्जी वाढत तिनं विचारलं, की महेशनं निरोप दिला होता त्याचं काय ठरलं.

"कुठला निरोप?"

तिनं वाढता हात थांबवला. आणि मग शांतपणे सगळं सांगितलं. शाळेत बायांचं बोलणं झालं होतं. लहान लेकरं आणि कुत्री एका घरात नकोत. कुत्री दुसरीकडे ठेवली तर ठीक, नाहीतर येळवशीनंतर शांभवी येणार नाही, आणि तिच्यामागे बाकीच्या शिक्षिकांची मुलंही येणार नाहीत. महेशला हे मला सांगायला पाठवलं होतं, दोन आठवड्यांपूर्वी. मी विचार करते आहे, असं तो घरी सांगत होता.

म्हणजे 'ते सांगायचं होतं' ते हे होतं. मी तयार ठेवलेलं उत्तर भलत्याच प्रश्नाचं होतं. सगळी मुलं गेली तर घर रिकामं होणार होतं, हेही मला लगेच कळलं. पण या प्रश्नाचं उत्तर अवघड नव्हतं.

"कुत्री कुठं जाणार न्हाईत, मॅडम," मी म्हणाले. "त्यांना कुठं टाकू? शांभवीला न्यायचं तर न्या. मी राग धरणार न्हाई."

उमादेवीनं भज्जी वाढून पूर्ण केली. बांधावर आता करडई बसली होती आणि मुलं एकेक करून तिला हात हुंगायला देत होती.

"सोमवारी मीच घेऊन येते हिला," उमादेवी म्हणाली. "थोडा वेळ बसते. तुमचं सगळं डोळ्यानं बघते. बाकीच्यांना मग मी सांगते काय सांगायचं ते. आता माझी शाळा उशिराची झालीय, रोज मलाच जमतंय."

महेश हरभऱ्याच्या कडेला एकटाच उभा होता. मी सरळ त्याच्याकडे गेले.

"निरोप माझा होता," मी म्हणाले. "तो मला द्यायला पाहिजे होता."

"व्हय."

"मग कामून न्हाई दिला?"

तो हरभऱ्याचा एक घाटा खुडून बोटांत फिरवत राहिला. "तुम्ही कुत्री सोडणार न्हाई, ते मला म्हाईत होतं. मग शांभवी यायची बंद झाली असती… अन् मग मी कशाला आलो असतो? शांभवी न्हाई, दप्तर न्हाई… माझ्याकडं दुसरं काही कारण नव्हतं."

मला राग आला होता. तो खरा होता. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते रागापेक्षा खोलवर होतं.

"वहिनीच सोडायला येणार हायत आता. रोज," मी म्हणाले.

"ऐकलं मी." त्यानं मान खाली घातली. "म्हणजे जे व्हायला नको म्हणून गप्प बसलो, तेच झालं."

मी जाऊन कुत्र्यांना दोऱ्या लावल्या. परतीच्या वाटेवर चिल्लर माझ्या मांडीवर झोपला आणि आई सारखी माझ्याकडे पाहत होती.

सोमवारी उमादेवी आली. उंबऱ्यावरची रेघ पाहिली, जिन्याखालचं पोतं पाहिलं, लस दिल्याचा दाखला मागून पाहिला. मुलं हात धुऊन जेवायला बसली, कुत्री आपली आपण परसात गेली. जाताना ती म्हणाली, "उद्या येते," आणि मला एवढंच ऐकायचं होतं. शाळेच्या वाटेला लागलेली तिची पाठ मी बराच वेळ पाहिली. मग, काही कारण नसताना, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिकडून कुणी येत नव्हतं.

संध्याकाळी मुलं आपापल्या घरी गेली. मी ओसरी झाडत होते, तेव्हा फाटक वाजलं.

महेश होता. हातात दप्तर नव्हतं, बाटली नव्हती, बरोबर कुणी नव्हतं. चिल्लर भुंकत धावला. तो झाड झाला नाही. वाकला, हात पुढे केला, आणि चिल्लरला हुंगू दिला. त्यानं तो मागे घेतला नाही.

"शांभवी गेली," मी म्हणाले. "तिची आई घेऊन गेली."

"म्हाईत हाय."

"मग? काय काम काढलं?"

"काम न्हाई." त्यानं माझ्याकडे पाहिलं. या वेळी नजर चिल्लरकडे वळवली नाही. "तेच सांगायला आलो… काम नसताना यायचं म्हणतोय. रोज. तुम्हाला चालत असंल तर. घरी वहिनीला सांगितलंय, आईलाही सांगितलंय. ह्या वेळी आधी सांगितलं."

हातातला झाडू तसाच राहिला. संध्याकाळ गार होती, कुणाच्या तरी चुलीचा धूर अंगणात उतरत होता. करडई आतून आली आणि दोघांच्या मध्ये आडवी झाली.

"आई काय म्हणाली?" मी हळूच विचारलं.

"म्हणाली, मग उभा कामून हायस, जा की."

आतून माझ्या आईनं विचारलं, "विजू, कोण आलंय गं?"

शांभवीचे काका आलेत, असं मी इतके दिवस सांगत आले होते. तो माझ्याकडे पाहत होता, उत्तराची वाट बघत. मी झाडू भिंतीला टेकवला, पायरीवर बसले आणि सरकून त्याला जागा करून दिली.

"माझ्याकडं आलेत, आई," मी म्हणाले. "चहा टाक."