गुपित मित्राची मेल

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला, मागोमाग वायरींचं भेंडोळं आणि मग तो. "दुवान. इस्पितळाच्या कॉम्प्युटरांची सुरक्षा बघायला नवीन आलोय." तिसऱ्या मजल्यापर्यंत तो ऑपरेशनांच्या तारखा देणाऱ्या लुसेलीकडे चोरून बघत राहिला आणि उतरताना एकदम म्हणाला, "गोड आवडतं तुम्हाला?"

झालं! त्यात सप्टेंबर, कोलंबियातल्या मानिसालेसमध्ये घरोघरी, कचेरीकचेरीत गुपित मित्राचा खेळ रंगलेला. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्या टेबलावर आठवडाभर लपूनछपून खाऊ ठेवायचा आणि शुक्रवारी तोंड दाखवायचं. सोमवारपासून लुसेलीच्या टेबलावर रोज सकाळी पेरूची वडी... बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

बुधवारी सगळ्यांना मेल आली. 'तुमचा गुपित मित्र कोण? पासवर्ड टाका आणि बघा.' शुक्रवारपर्यंत धीर कुणाला होता? तिने टाकला. नाव काही आलं नाही.

अर्ध्या तासात औषधभांडारातले कॉम्प्युटर काळे पडले, मग एक्स-रेचे. प्रत्येक पडद्यावर तीच धमकी — खंडणी द्या, नाहीतर फायली विसरा. दुवान धावत आला, चेहरा पांढराफटक.

"सुरुवात कुठून झाली ते आत्ता कळलं, तर उद्याच्या ऑपरेशनांच्या फायली वाचतील. गुपित मित्राची ती फसवी मेल कोणी उघडली?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"ज्याने उघडली तो आजच घरी जाईल!" विभागाच्या मुख्य अंपारोबाई कडाडल्या.

लुसेलीच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी जाणार, वर त्याच्यासमोर शोभा होणार. पण त्या फायलींमागची माणसं तिनेच तर तारखा देऊन बोलावली होती. तिने हात वर केला.

"मी... नऊ वाजून दहा मिनिटांनी. पासवर्डही दिला."

दुवानने तिच्या टेबलाखाली बुडी मारून केबल उपटली, फोनवर ओरडून तिचं खातं बंद करवलं.

"वाचल्या!" तो घामाघूम होऊन बाहेर आला. मग कागद काढला. "का उघडलीत? कारण लिहावं लागतं मला."

"वाटलं... तुम्ही असाल."

पेन जागच्या जागी थांबलं. आता हादरायची पाळी त्याची होती.

"मला तर चिठ्ठीत अंपारोबाई आल्यात," तो पुटपुटला. लुसेलीचं तोंड एवढंसं झालं. "पण वडी... ती तुमच्याच टेबलावर ठेवावीशी वाटली. रोज."

"अस्सं! म्हणून तीन दिवस माझं टेबल कोरडं!" अंपारोबाईंचे डोळे विस्फारले.

"बाई, हिने सांगितलं म्हणून निभावलं. हिला घालवलंत तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?"

"कामाला लागा," एवढंच म्हणून अंपारोबाई वळल्या.

लुसेली त्याच्या कागदाकडे वाकली. "मग... कारण काय लिहिणार?"

"नावं आधी लिहितो," दुवान तिच्याकडे बघत म्हणाला. "माझं पहिलं, शेजारी तुमचं. चूक दोघांची आहे ना?"