डोळे झाकून जा

फोन ठेवा खाली. सहलीला कुठल्या रस्त्याने जायचं ते नकाशातल्या परक्या माणसाला काय विचारता? आमच्या कचेरीतल्या टाचणीचं काय झालं ते ऐका आधी, मग ठरवा.

टाचणी म्हणजे आमचा आवक-जावक कारकून. फोनमधल्या नकाशावर ठिकठिकाणी खुणेची टाचणी टोचायची आणि खाली प्रवासाचा अनुभव लिहायचा, हा त्याचा उद्योग. नऊशे ठिकाणं! गेला एकाही ठिकाणी नव्हता. फोटो लोकांचे, थापा याच्या. प्रत्येक टाचणीखाली तेच: 'रस्ता उत्तम. स्वतः जाऊन आलोय. डोळे झाकून जा.'

दरीतल्या जुन्या रस्त्यावरही त्याने एक टोचली. 'फटफटी' असं नाव लावणाऱ्या एका पोराने खाली विचारलं, 'पूल आहे ना?' यानं घरच्या खुर्चीतून ठोकून दिलं, 'आहे. डोळे झाकून जा.'

पूल दोन वर्षांपूर्वीच वाहून गेला होता. पोरगा तिसऱ्या दिवशी दरीत सापडला. "अरे, काढ ती टाचणी, अजून कुणाचा जीव जाईल," आम्ही सगळ्यांनी सांगितलं. तर हा निर्लज्ज म्हणतो, "चारशे लाइक आहेत तिला!" मला किळस आली त्या माणसाची.

एकवीस डिसेंबरची रात्र. बायको बहिणीकडे गेलेली. बाथरूममधला बल्ब उडाला म्हणून हा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. त्याचा वर्षभरातला सर्वांत लांबचा प्रवास तो! आठ चाळीसला परत आला. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. दरीतल्या टाचणीखाली कुणीतरी लिहिलं होतं.

'पूल नाहीये.'

नाव बघायची तसदी कोण घेतो? सवयीने लिहिलं, 'आहे. स्वतः जाऊन आलोय.'

'तुम्ही इथे कधी आलाच नाहीत. मी इथेच आहे.'

आता नाव बघितलं.

फटफटी.

टाचणी काढायला गेला. निघेना. मग जन्मात पहिल्यांदा लिहिलं, 'माफ करा.'



उत्तर आलं, एकच शब्द. 'येतो.'

याचा जीव भांड्यात पडला. निरोप घेतोय बिचारा! आपण नाही का निघताना म्हणत, येतो म्हणून? मग त्यावर जे म्हणायचं तेच यानं लिहिलं.

'या.'

नकाशावरची टाचणी हलली.

दरीतून वर... घाट... नाका... बल्बचं दुकान.

त्याची गल्ली.

बेल वाजली नाही. दार उघडलं नाही. फक्त खुर्चीमागे... हेल्मेटचा पट्टा सुटला. खट्.

सकाळी बायको आली तेव्हा हा खुर्चीतच. जिवंत. मुठीत बल्ब, डोळे गच्च मिटलेले. आजही उघडत नाही. हे सगळं त्याने मला तसंच, डोळे मिटूनच सांगितलं.

त्याच्या बाकीच्या सगळ्या टाचण्या त्या रात्रीत पुसल्या गेल्या. एकच आहे, त्याच्या घरावर. ती कुणालाच काढता येत नाही. हं, काढा आता फोन. हा पत्ता. दिसली? वाचा खाली काय लिहिलंय ते.

'पत्ता बरोबर. स्वतः आलोय.'