रायनाबाईंच्या गाडीचे ब्रेक

फोन दुपारी दोनला आला. चौकीतून गावचा पोलीस प्लामेन देयानोव्ह बोलत होता, आवाज अगदी पडलेला.

"झ्द्राव्का काकू, काका गुन्हा कबूल करतायत. पाचला सही करणार. मग त्यांना जिल्ह्याला, स्मोल्यानला पाठवावं लागेल. म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं."

झ्द्राव्काने फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये तशीच उभी राहिली. समोरच्या खांबावर रायनाबाईंचा फोटो असलेलं निधनाचं पत्रक चिकटवलेलं होतं. डिंक अजून ओला होता.

रायना बोतेवा. चाळीस वर्षं याच गावात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. प्लामेनला पाढे त्यांनीच शिकवले होते आणि झ्द्राव्काची तर ती जिवाभावाची मैत्रीण. काल, गुरुवारी दुपारी, स्मोल्यानच्या उतारावर त्यांची जुनी हिरवी गाडी वळण न घेता सरळ दरीत गेली. रस्त्यावर चाकं घासल्याची खूण नव्हती. म्हणजे ब्रेक लागलेच नव्हते. आणि ते ब्रेक सोमवारीच नेद्याल्कोने, झ्द्राव्काच्या नवऱ्याने, केले होते.

नेद्याल्कोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ही गोष्ट गावात दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि तिला. गिऱ्हाईक तुटेल म्हणून तिनेच ती लपवली होती. बाटल्यांवरची नावं ती वाचायची, लागेल तो पाना ती हातात द्यायची. सोमवारी ब्रेकमधली हवा काढतानाही तीच गाडीत बसली होती. तो चाकापाशी वाकून सांगायचा, दाब, धर, सोड. पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं, हे तिच्या पायाला आठवत होतं.

पण शेवटी ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरायची वेळ आली, तेव्हा ती फोन घ्यायला आत गेली होती. ते तेल त्याने एकट्याने ओतलं होतं.

तिने फळीकडे पाहिलं. ब्रेक ऑइलची बाटली आणि तिला चिकटून स्टिअरिंगच्या लाल तेलाची बाटली. दोन्ही एकाच उंचीच्या. स्टिअरिंगची अर्धी रिकामी. ती आधीपासून अर्धी होती की नाही, हे काही केल्या तिला आठवेना.

गाडी उघडून पाहिली तर कदाचित आपल्याच हाताने नवऱ्याच्या गळ्यात फास अडकवू. नाही पाहिली, तर तो पाचला सही करणारच. तिने टॉर्च घेतला आणि चौकीची वाट धरली.

*

गाडी चौकीच्या मागच्या अंगणात होती. तपासनीस प्लोवदिवहून सोमवारी येणार होता, तोवर कुणी हात लावलेला नव्हता. प्लामेनने आधी नाही म्हटलं, मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "माझ्यासमोर पाहा. आणि मी म्हणेन तेव्हा थांबायचं."

तिने मोडक्या दारातून हात घालून पेडल दाबलं. घट्ट लागलं.

"म्हणजे ब्रेक ठीक आहेत?" प्लामेनने विचारलं.

"आता आहेत. गार झालेत ना."

मग ती चाकांपाशी वाकली. ब्रेकच्या चारही तबकड्या तापून निळ्या पडल्या होत्या. चुलीवर विसरलेल्या भांड्यासारखा जळका वास अजून येत होता. एखादं चाक अडकलं असतं तर एकच तबकडी निळी पडली असती. इथे चारही.

वाकडं झालेलं बॉनेट त्यांनी दोघांनी मिळून उचललं. ब्रेक ऑइलची डबी शाबूत होती. झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा आतलं रबर फुगून कानाच्या पाळीसारखं मऊ झालेलं, पुन्हा झाकणात बसेना. डबीतल्या तेलावर लालसर झाक होती.

तिने प्लामेनकडे पेलाभर पाणी मागितलं. काडीने डबीतलं थोडं तेल घेऊन पाण्यात सोडलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे मिसळलं नाही. लाल थेंब वर आले आणि गोल गोल तरंगत राहिले.

पेला तिच्या हातात होता. तो कलंडून टाकायला क्षणभरच पुरला असता.

"काकू?"

"हे ब्रेक ऑइल नाही, प्लामेन," ती म्हणाली. "हे स्टिअरिंगचं तेल आहे."

"तुमच्या गॅरेजमध्ये असतं?"

"असतं. शेजारीच असतं."

प्लामेनने खिशातून पेन काढलं. तिने घाईघाईने रायनाबाईंच्या भाच्याचं नाव घेतलं. घरावर त्याचा डोळा होता, त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, तेलाचे डबे होते. ते बोलताना तिलाच स्वतःची लाज वाटली. प्लामेनने सांगितलं की भाचा तीन आठवडे जर्मनीत आहे, उद्या अंत्यविधीला येतोय.

साडेतीन वाजून गेले होते. तो पंचनामा लिहू लागला. काहीतरी करायचं म्हणून तिने गाडीच्या कप्प्यातले कागद काढले. एक वहीच्या पानांचा जुडगा, दोरीने बांधलेला. आणि वार्षिक तपासणीची चिठ्ठी. बुधवार, सकाळी दहा चाळीस. बोरिमिर वल्चानोव्हचं तपासणी केंद्र, गावाबाहेरच्या पुलापाशी. गाडीची चाकं यंत्राच्या फिरत्या रुळांवर चढवून ब्रेक मोजलेले. पुढची चाकं सारखी, मागची सारखी. खाली बारीक अक्षरांत: पेडल न दाबता चाकांना अडसर, जवळजवळ शून्य.

ती ओळ तिने तीनदा वाचली.

मंगळवारी संध्याकाळी रायनाबाईंनी फोन केला होता. प्लोवदिवला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, ब्रेक लोण्यासारखे आहेत, नेद्याल्कोला सांग. सोमवारी गॅरेजात बसल्या होत्या तेव्हा असंही म्हणाल्या होत्या, "गुरुवारी स्मोल्यानला जाणार आहे. सरकारी वकिलाकडे. काही लोकांची गणितं तपासायची आहेत." झ्द्राव्काने तेव्हा नीट लक्ष दिलं नव्हतं.

तिने जुडग्याची दोरी सोडली, चार पानं चाळली आणि प्लामेनसमोर ठेवली.

"बोरिमिरला बोलाव. आत्ता. आणि त्याला तेलाबद्दल एक शब्द सांगू नकोस. ब्रेक लागले नाहीत, एवढंच सांग."

"काकू, तुमचा काही—"

"तासाभराने माझा नवरा खुनी ठरणार आहे. तासभर माझं ऐक."

*

बोरिमिर सव्वाचारला आला. जाडजूड, नम्र माणूस. काळी फीत लावून आला होता. झ्द्राव्काला पाहून म्हणाला, "वहिनी, वाईट झालं. नेद्याल्कोसारखा माणूस."

प्लामेनने प्रश्न सुरू केले.

"बुधवारी गाडी तुमच्याकडे आली होती?"

"आली होती. बाईंनी आग्रह धरला, रुळांवर चढवून नीट तपास म्हणून. स्वतः शेजारी उभ्या होत्या."

"ब्रेक कसे होते?"

"ठीक होते. चिठ्ठी दिली की मी."

"मग दुसऱ्याच दिवशी गेले कसे?"

बोरिमिरने झ्द्राव्काकडे पाहिलं, मग नजर खाली घातली. "वहिनींसमोर बोलायला जड जातं. मी बॉनेट उघडलं होतं. डबीतलं तेल लाल दिसत होतं. स्टिअरिंगचं. नेद्याल्कोला हल्ली दिसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मी बाईंना म्हटलंही, परत त्याच्याकडे जा. त्या हसल्या."

"हे रुळांवर घालायच्या आधी पाहिलंत की नंतर?"

"आधी. आधीच पाहिलं."

"तपासणीनंतर बाई कुठे होत्या?"

"ऑफिसात. कॉफी घेत. कागद तयार व्हायला अर्धा तास लागतो."

"आणि गाडी?"

"गाडी आत होती."

प्लामेन थांबला. बोलायची खूण त्याने झ्द्राव्काला केली. तिने खुर्ची बोरिमिरच्या समोर ओढली.

"बोरिमिर, ब्रेकमधल्या रबराला हे तेल सोसत नाही. पडलं की रबर फुगायला लागतं. फुगलेलं रबर तेलाला माघारी येऊ देत नाही, आणि पाय काढला तरी ब्रेक सुटत नाहीत. चारही चाकं घासत राहतात, तापतात, उतारावर आतलं तेल उकळतं. मग पेडल दाबलं तर ते गाडीच्या तळापर्यंत जातं, खाली काहीच नसतं. चारही तबकड्या निळ्या आहेत, मी पाहिल्यात."

"तेच तर म्हणतोय मी."

"नेद्याल्कोने सोमवारी ते तेल ओतलं असतं, तर मंगळवारी बाई प्लोवदिवहून परत आल्या नसत्या. आल्या असत्या तरी बुधवारी तुझ्या रुळांवर चाकं अडली असती. तुझीच चिठ्ठी सांगते, चारही चाकं मोकळी होती. दहा चाळीसला त्या डबीत चांगलं ब्रेक ऑइल होतं. तू तेल लाल पाहिलंस म्हणतोस, ते तोवर लाल नव्हतंच."

बोरिमिर म्हणाला की चिठ्ठी चुकीची असू शकते, यंत्र जुनं आहे.

"बाकीच्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत," ती म्हणाली आणि तिने जुडगा पुढे सरकवला. "या चिठ्ठ्या रायनाने गावभर फिरून उतरवून घेतल्यात. अकरा गाड्या, अकरा मालक, ब्रेकचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटच्या दशांशापर्यंत. तू गाडी न पाहताच शिक्का मारतोस. मागच्या वर्षी नदीत गेलेल्या व्हॅनचाही आकडा तोच आहे. गणिताची बाई होती ती. ही तपासणी तेवढी खरी केलीस, कारण ती उभी होती."

"तुम्ही आता म्हणालात, डबीतलं तेल लाल होतं," प्लामेन हळूच म्हणाला. "मी तुम्हाला फक्त ब्रेक लागले नाहीत एवढंच सांगितलं होतं. नळी तुटली असेल, पॅड गेले असतील. तेलाचा रंग आम्हा दोघांना सोडून कुणाला ठाऊक नव्हता. आणि बुधवारी दहा चाळीसनंतर गाडी अर्धा तास एकट्या तुमच्या ताब्यात होती."

 बोरिमिरने फीत काढली, हातात चुरगाळली.

मग त्याने सांगितलं. बुधवारी रायनाबाईंनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, उद्या दुपारपर्यंत तू स्वतः स्मोल्यानला जाऊन कबूल कर, नाहीतर ही पानं मी देईन. शाळेत एखादा मुलगा नापास होणार असेल तर त्याला आधी बोलावून सांगायच्या, तसंच. कॉफीचा तो अर्धा तास त्याला पुरला. पिचकारीने डबीतलं तेल काढून घेतलं आणि लाल भरलं. नेद्याल्कोच्या डोळ्यांबद्दल त्याला कधीचाच संशय होता.

"मला वाटलं, गाडी वाटेत अडकेल," तो म्हणाला. "एवढंच वाटलं."

"तू पंधरा वर्षं ब्रेक तपासतोस," झ्द्राव्का म्हणाली. "तुला तेवढंच वाटलं नसणार."

*

पाचला दहा मिनिटं कमी असताना प्लामेनने कोठडीचं दार उघडलं. नेद्याल्को बाकावर बसला होता. समोर कबुलीचा कागद होता, पेन बंद करून त्यावर ठेवलेलं. प्लामेनने त्याला सगळं उभ्या उभ्या सांगितलं आणि दोघांना एकटं सोडून तो बाहेर गेला.

नेद्याल्कोने पेन बाजूला सारलं.

"उतारावर तिने पेडल दाबलं असेल," तो म्हणाला. "दोनदा, तीनदा. ते खाली गेलं असेल. तिला वाटलं असेल, नेद्याल्कोने घात केला."

 झ्द्राव्का त्याच्या शेजारी बसली.

"तुला तरी खात्री होती?" त्याने विचारलं.

एकतीस वर्षांच्या संसारात तिने त्याला सांभाळून घेणारी किती उत्तरं दिली होती. आताही एक ओठावर आलं होतं.

"नव्हती," ती म्हणाली. "फळीपुढे उभी राहिले तेव्हा मला वाटलं, तूच केलंस."

तो तिच्याकडे वळला. त्या धुरकट डोळ्यांना तिचा चेहरा किती दिसत होता कोण जाणे.

"मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर सही करणार होतो."

तिने कबुलीचा कागद उचलून फाडला. मग ती दोघं रायनाबाईंच्या घरी जायला निघाली. तिथे लोक जमले होते, आणि खरं काय घडलं ते त्यांना नेद्याल्कोच्याच तोंडून कळायला हवं होतं.