उतारावरची पावलं

सिनेमातल्या बर्फावरच्या पावलांचा आवाज आवाजवाली कॉर्नफ्लोअरने काढायची. कापडी पिशवीत पीठ भरायचं, पडद्यावर पाऊल पडलं की पिशवी मुठीने दाबायची, झाला बर्फ. स्टुडिओत सगळे तिला आवाजवालीच म्हणत. सिनेमा बघताना कुणाला आपली आठवण येत नाही, याचाच तिला अभिमान होता.

हा माहितीपट मात्र तिने मागून घेतला होता. एका गिर्यारोहकाच्या प्रवासवर्णनावर तो बेतलेला, आणि त्या पुस्तकातला शिखरावरून परत न आलेला जोडीदार म्हणजे तिचे बाबा. ‘मी एकटाच उतरलो,’ बाबांच्या या मित्राने, काकांनी, लिहिलं होतं, ‘पण तळापर्यंत मागे पावलं वाजत होती. वळून बघायचा धीर झाला नाही.’ विरळ हवेत असे भास होतात, असं डॉक्टरांचं मत पडलं. आईला ते कधीच पटलं नाही. बाबांचा देह सापडला नव्हता, म्हणून ती आजतागायत दाराला कडी लावत नसे. “चोर आला तर त्यालाही चहा देशील तू,” म्हणत आज सकाळी आवाजवाली तिच्याशी कडकडून भांडली, तेव्हा कुठे म्हातारीने कडी लावायला होकार दिला.

दुपारी काका उताराचा प्रसंग ऐकायला आले. वाळलेला, मोजकं बोलणारा माणूस. पडद्यावर नट एकटाच उतरत होता. आवाजवालीने आधी रेकॉर्डिंगमध्ये भरून ठेवलेली पावलं खोलीत उमटू लागली.

मग त्यांच्यामागे आणखी पावलं आली.

तिने पिशवीकडे पाहिलं. ती टेबलावर निपचित पडली होती. मागची पावलं जड होती आणि डावा पाय दर वेळी जरासा ओढला जात होता. बाबा कामावरून आले की जिन्यात हीच चाल वाजायची आणि ती घाईघाईने अभ्यासाचं सोंग आणायची. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण ती भीती नव्हती. पर्वताच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की माणूस जसा गप्प होतो, तशी ती गप्प झाली.

“हे तू केलंस?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं.” त्यांचे डोळे भरून आले.

पावलं जवळ आली. नटाला ओलांडून पुढे गेली. खाली, आणखी खाली, ऐकू येईनाशी झाली.

तिने प्रसंग पुन्हा लावला. आता नटाचीच पावलं होती, तिने भरलेली.

“उतरला एकदाचा,” काका पुटपुटले.

फोन वाजला. आई होती.

“जिन्यात तू आहेस का गं?”

“नाही. स्टुडिओत आहे.”

“तरीच. तुझी चाल नाही ही. आज नेमकी तुझं ऐकून कडी लावली बघ. थांब, काढते.”

नको, असं आवाजवालीला म्हणायचं होतं. लवकर काढ, असंही म्हणायचं होतं.

कडी सरकली. दार उघडलं.

मग आई बोलली, पण फोनवरच्या लेकीशी नाही.

“अहो, हात किती गार पडलेत.”